कावळ्यानं नेलेले केस

आमच्या घरात पुरुषाच्या डोक्यावर केस टिकत नाय. माझं लगीन झालं तवा नवरा पंचविशीच्या आतला. पन लग्नात डोक्यावर फेटा, दुसऱ्या दिवशी टोपी. मुंडावळ्या सुटल्या, पावनी मानसं गेली, टोपी खुंटीवर चढली, तवा मला कळलं. माझ्या आयेला आधीच म्हायती व्हतं. माहेरी गेल्यावर तिला इचारलं, तर म्हनाली, नांगर डोक्यानं धरतात का हातानं? मग मी पुन्हा इचारलं नाय.

धाकले दीर, म्हंजे आमचे भावजी, त्यांचे तर इशीतच गेले. दोघं भाऊ बांधावर उभे राहिले की वरच्या वाडीवरनं दिसायचे. चिखलनी चालू असली की तिथल्या बाया हाका मारायच्या, गो, तुझी दोन भांडी घासून उन्हात ठेवलीस काय म्हनून. मी पन हसायची. त्या दिवसांत हसन्यासारखं फार काय नव्हतं. भाताच्या वाफ्यात राब भाजायचा, लावनी करायची, डोक्यावर शेनाचा हारा न्यायचा, नदीवरनं पानी आनायचं. हसायला मिळालं तर मी सोडायची नाय.

भावजींना मात्र त्याचं हसू नव्हतं. त्यांनी काय काय केलं ते मी डोळ्यानं बघितलंय. कांद्याचा रस लावला, तर जेवताना त्यांच्या शेजारी कोन बसंना. माक्याचं तेल मीच कढवून दिलं, उशी काळी झाली, डोकं व्हतं तसंच. कुनी सांगितलं, सव गावच्या गरम पान्याच्या कुंडात डोकं बुडवा. गेले. शिजवलेल्या चिंबोरीसारखं लाल डोकं घेऊन आले, आनि आठ दिवस त्याची सालं निघत व्हती. एकदा खोबरेल तेलात मीठ कालवून लावलं. धार काढायला बसले, तर म्हशीनं मान वळवून डोकं चाटायला घेतलं. मी म्हनलं, भावजी, उठा की. तर म्हनाले, गप ऱ्हा वयनी, हिच्या जिभेत कायतरी गुन असंल. म्हैस दमली तवा उठले.

त्यांचं बघायचं ठरलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक गाव, तिथली पोरगी. मी आनि माझा नवरा बरोबर व्हतो. भावजींनी टोपी अशी बसवलेली की भुवया दिसत नव्हत्या. त्या घराची चौकट बुटकी. पोरगी आत पान्याचा तांब्या घेऊन उभी, भावजींचं लक्ष तिच्याकडं, चौकट लागली डोक्याला आनि टोपी जाऊन पडली तिच्या पायाशी. ती हसली. वाईट मनानं नाय हसली, पोरसवदा व्हती, मी पन हसली असती. पन मग तिची आय हसली, शेजारीन हसली. भावजींनी टोपी उचलली, पानी पन पिले नाय, मागं फिरले.

तो मानूस पुन्हा कुनाच्या घरी बघायला गेला नाय. लगीन केलं नाय. आमच्याच घरात राहिले, आमच्याच शेतात राबले. माझा नवरा गेल्यावर माझ्या लेकाला त्यांनीच उभा केला आनि नातवाला खांद्यावर बसवून मोठा केला. नातू लहान असताना त्यांच्या डोक्यावर तबला वाजवायचा. ते वाजवू द्यायचे.

आता त्या नातवाचं सांगते.

तो बिरवाडीजवळ कंपनीत लागला. तिकडंच चार पोरांत खोली घेऊन ऱ्हायचा, सुट्टीला घरी यायचा. एका शिमग्याला आला तो टोपी घालून, ती क्रिकेटवाल्यांची असते तसली. पालखी नाचवताना टोपी, जेवताना टोपी, झोपताना पन टोपी. त्याची आय म्हंजे माझी सून, तिला वाटलं पोराची फ्याशन हाय. मला वाटलं नाय. मी त्या घरात टोप्या बघूनच म्हातारी झालेली.

ओट्यावर बसलेले भावजी त्याला म्हनाले, "टोपी काढ रे. वारा लागू दे. झाकून काय उगवत नाय."

त्यानं काढली. सून आत जाऊन रडली. मग तिनं एकेकाचं नाव घेतलं. बिरवाडीचं बोरिंगचं पानी, हेल्मेट, रातपाळी, खानावळीतलं तेल. मी म्हनलं, अगो, भिंतीवर सासऱ्याचा फोटो हाय तो बघ एकदा आनि मग बोरिंगला बोल.

महाडला चामडीची डाक्टरीन बसते, तिच्याकडं न्यायचं ठरलं. मी बरोबर गेली, कारन सून गेली असती तर तिथं पन रडली असती. डाक्टरनीचे सोताचे केस लांब आनि जाड, म्हनून माझा तिच्यावर इश्वास बसला. तिनं नातवाचं डोकं भिंग लावून बघितलं, जसं आमी तांदूळ निवडतो तसं. मग इचारलं, घरात आनखी कुनाचे गेलेत? मी म्हनलं, कुनाचे राहिलेत ते इचारा, लवकर आटपंल.

तिनं माझं पन इचारलं, मग मी सांगितलं. मी सात-आठ वर्सांची असताना मला चाई लागली. कानाच्या वर रुपयाएवढी जागा तुळतुळीत. आजीनं कांदा चोळला, गुंज उगाळून लावली, मी बोंबलली, पन केस आले. ती म्हनाली, आजी, लहानपणची चाई बऱ्याचदा आपोआप भरून येते. नाव कांद्याचं झालं. नाहीच आली तर आता औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत. मला वाईट वाटलं. इतकी वर्सं मी त्या कांद्याचं नाव सांगत व्हती.

मग बाळंतपनातलं सांगितलं. लेक तीन महिन्यांचा झाला आनि माझे केस मुठी मुठीनं यायला लागले. सासू म्हनाली, दृष्ट लागली. आमच्यात फनीला आलेले केस टाकत नाय, गुंडाळी करून कुडाच्या फटीत ठेवायचे. केसवाली यायची, ती केस घेऊन भांडं द्यायची. एरवी तिच्याकडनं सुई मिळायची, नायतर पोराला फुगा. त्या वर्सी मला अख्खी पातेली मिळाली. डाक्टरीन म्हनाली, बाळंतपणानंतर गळतात तसे वर्षभरात परतही येतात. मोठा ताप येऊन गेल्यावर पण तसंच होतं, दोन-तीन महिन्यांनी गळतात, मग येतात. मी म्हनलं, हां, केस पन आले आनि पातेली पन राहिली.

आता या वयात माझा भांग नदीच्या पात्राएवढा रुंद झालाय. ती म्हनाली, वयानं होतं बायकांचंही. पुरुषांचं पुढून मागं सरकत जातं, बायकांचं सगळीकडूनच विरळ होतं. डोक्यावरचं ओझं आणि घट्ट अंबाडा, त्यानंही जातात. एकदा रक्त तपासून घ्या. मी म्हनलं, माझं राहू दे, माझ्यावर पदर हाय. याचं बघा.

त्याला तिनं बाटली लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ डोक्याला लावायची, कायम. थांबवली की आलेले पन जातात. आनि आधीच बजावलं, सुरवातीला जास्त गळतील, घाबरू नका, चार-सहा महिने धीर धरा. गोळी पन असते म्हनाली, तिचं चांगलं-वाईट समजावलं. शेवटी एक ऑपरेशन सांगितलं. मागचे केस मुळासकट काढायचे आनि पुढं एकेक करून लावायचे. ते मात्र मला पटकन समजलं. मी म्हनलं, म्हंजे लावनी. वाफ्यातनं रोप काढून शेतात लावायचं. पन बाय, याचा वाफाच पातळ हाय, शेताला पुरायचा नाय. डाक्टरीन हसली. म्हनाली, आजी, मला हेच सांगायचं होतं. वयही लहान आहे, अजून मागं सरकेल, आत्ता घाई नको.

नातू काय हसला नाय.

बाटली त्यानं लावली. दुसऱ्या महिन्यात उशीवर केस जास्त दिसायला लागले. डाक्टरनीनं सांगितलेलं ते इसरला आनि घाबरला. बाटली गेली कोनाड्यात. पुढं सूनबाईनं त्यात दिव्याचं तेल भरलं.

पुढल्या शिमग्याच्या सुमारास पोलादपूरच्या एका पोरीचं सांगून आलं. पोरगी शिकलेली, बाजारात औषधाच्या दुकानात बसायची. आमच्या नातवानं तिला आधीच एका हळदीत बघितलेली. तवापासनं तिचं नाव निघालं की तो जेवता जेवता थांबायचा. मला समजलं, याचं मन बसलंय. आनि मला भावजींची ती चौकट आठवली. एका मानसाचा जलम टोपीखाली गेलेला मी बघितला व्हता. दुसऱ्याचा बघायची मला हौस नव्हती.

बघायला जायच्या आधी नातू दोन दिवस कुठं तरी गेला. तिसऱ्या दिवशी दारात एक पोरगा उभा. मी तांब्या पुढं केला, म्हनलं, पाय धुवा, बसा, घरातली मानसं शेतावरनं येतील आता.

"आजी, मी हाय."

बघते तर आमचाच. डोक्यावर एवढे केस की कानावर आलेले, भांग पाडलेला. पनवेलला जाऊन केसांचा पॅच बसवून आला व्हता. गोंदानं चिकटवतात म्हनाला, अंघोळीला पन काढायला लागत नाय. मी हात लावून बघितला. म्हनलं, कशाचे रे? तर म्हनाला, मानसाचेच, खरे. कुना मानसाचे, ते त्याला म्हायती नव्हतं. मला आमची केसवाली आठवली. म्हनलं, बघ हां, माझेच नसतील ना हे? पातेली अजून हाय घरात.

भावकीतल्यांनी इचारलं, तर त्यानं सांगितलं, पनवेलला औषध घेतलं. दोघा चुलत्यांनी तर दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

भावजींनी त्या वर्सी अंथरूनच धरलेलं. पेज तेवढी पोटात जायची. नातू त्यांच्याजवळ जाऊन बसला, तर त्यांनी हात वर करून त्याच्या डोक्यावरनं फिरवला. फिरवतच राहिले. मग म्हनाले, "हाताला बरं लागतंय. पन तिला सांग. चौकट लागायच्या आधी सांग."

तो हो म्हनाला. सांगितलं नाय.

पोलादपूरला बघायचा कार्यक्रम झाला. चैताचं ऊन, तिकडच्या मंडळींनी पंखा मोठा करून ठेवलेला. पोरीनं पोहे आनले, दोन-चार गोष्टी बोलली, एकदा नातवाच्या डोक्याकडं बघितलं आनि खाली बघितलं. मला वाटलं, झालं. पन चार दिवसांनी निरोप आला, पसंत हाय. सूनबाईनं पेढे वाटले. नातू आरशासमोर इतका उभा राहायला लागला की मी आरसा काढून मोरीत लावला.

आनि पुढच्या आठवड्यात भावजी गेले. दुपारी पेज घेतली, भिंतीकडं तोंड केलं, संपलं. त्रास झाला नाय. मी त्यांना या घरात अर्ध्या शतकाच्या वर जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी पन हातानं त्यांचं ताट घेतलं, मग ठेवून दिलं.

त्यांना मूलबाळ नाय, म्हनून क्रिया माझ्या लेकानं धरली. दहाव्याला नदीवर जायचं. आमच्यात दहाव्याला भावकीतले सगळे पुरुष डोकी भादरतात. आनि होनारे व्याही पन दहाव्याला यायचे व्हते, सोयरीक ठरलेली म्हटल्यावर येनारच. नातवाला हे नवव्या दिवशी उमगलं. चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसला. आधी म्हनाला, कंपनीत भादरलेलं चालत नाय. मग म्हनाला, मला वस्तऱ्यानं पुरळ येतं. मी भाकरी थापत व्हती.

"आजी, काय करू?"

"मी काय सांगू रे. त्यांनी तुला डोक्यावर तबला वाजवू दिला. त्यांच्यासाठी तुझं डोकं द्यायचं का नाय, ते तू बघ."

तो उठून गेला. पन पोराचं डोकं आतनं चांगलं चालतं. दहाव्याला सकाळी नदीवर सगळ्यांच्या आधी पोचला. वळनापलीकडं मोठे धोंडे हायत, तिथं गेला, पनवेलवाल्यांनी दिलेलं औषध लावून पॅच सोडवला, धुतला, धोंड्यावर पसरून ठेवला आनि डोक्याला पंचा गुंडाळून न्हाव्यापुढं सगळ्यांत पयला बसला. न्हाव्यानं पंचा काढला, आत बघितलं, नातवाच्या तोंडाकडं बघितलं. हाडाचा न्हावी तो. चार हात मारले आनि दुसऱ्याला बोलावलं.

बाकीचे आले, एकेक करून भादरून बसले. आमी बाया वर करंजाखाली व्हतो. खाली बघितलं तर ओळीनं सगळी डोकी सारखी. चुलते, पुतने, माझा लेक, त्यात नातू. कोन आधीचा आनि कोन आजचा, ते देवाला पन सांगता आलं नसतं. माझ्या मनात आलं, भावजी असायला हवे व्हते. जलमात पयल्यांदा त्यांना घोळक्यात लपता आलं असतं. व्याही आले, त्यांच्यासोबत त्यांचे भाऊ. नातवानं वाकून नमस्कार केला, व्याह्यांनी भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. म्हनाले, चांगलं केलंत, हल्लीची पोरं करत नायत. नातू असा उजळला की मला वाटलं, सुटला.

भटजींनी पिंड मांडला. सगळे मागं सरले. आता कावळा शिवायची वाट बघायची.

कावळे व्हते. चार-पाच करंजावर बसलेले, पन एक खाली उतरंना. ऊन चढत चाललं, ताज्या भादरलेल्या डोक्यांना चटके बसायला लागले. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते हुडकायचं आनि बोलून दाखवायचं. माझ्या लेकानं हात जोडून सांगितलं, काका, खालचं शेत पडीक टाकनार नाय. कावळा हलला नाय. दुसरा म्हनाला, तुमची म्हैस इकनार नाय. नाय. कुनीतरी तंबाखूची पुडी नेऊन ठेवली. नाय. मग माझा लेक म्हनाला, काका, पोराचं लगीन तुमच्या मनासारखं करू. व्याह्यांनी पन हात जोडले, म्हनाले, आमची मुलगी तुमच्याच घरात येणार, काळजी करू नका.

तवा एक कावळा उडाला. पिंडाकडं नाय, वळनाकडं गेला. धोंड्यांमागं उतरला. माझ्याआधी नातवाला समजलं, त्याची मान ताठ झाली. वैशाख म्हंजे कावळ्यांचे घरटी बांधायचे दिवस, त्यांना काय, मऊ दिसंल ते हवं.

कावळा परत आला तो चोचीत केस घेऊन. एवढे मोठे, दोन्ही बाजूंनी लोंबतायत. सरळ पिंडापाशी उतरला. केस बाजूला ठेवले, नीट, भांग वर करून. पिंडावर चोच मारली, भात खाल्ला, आनखी एकदा खाल्ला. मग केस उचलले आनि नदीपलीकडच्या आंब्याकडं गेला.

भटजी मंत्र इसरले. मग भावकीतला सगळ्यांत म्हातारा मानूस, कानानं अधू, पन डोळ्यानं पक्का, तो मोठ्यानं बोलला, "केसातच अडकलेला व्हता बिचारा. घेऊन गेला एकदाचा." आनि नमस्कार केला. त्याच्यामागं सगळ्यांनी नमस्कार केला. मी पन केला. खोटं का सांगू, माझ्या डोळ्यातनं पानी आलं आनि पदराआड हसू पन आलं. दोन्ही कसं आवरायचं ते समजंना.

व्याही मात्र नमस्कार करता करता थांबले. त्या केसांचा भांग त्यांनी आपल्या घरी पंख्याखाली बसून तासभर बघितला व्हता. त्यांनी ओळीतल्या डोक्यांकडं बघितलं, मग आमच्या नातवाकडं. नातवानं मान खाली घातली. तिथं तरी बोलायला हवं व्हतं त्यानं. बोलला नाय. व्याह्यांनी पाय धुतले, चपला घातल्या, जेवायला थांबले नाय.

मग पोलादपूरकडनं फोन नाय, निरोप नाय. नातू कामावर जायचा, येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा, भादरलेल्या डोक्यावर पुन्हा तीच टोपी. सून म्हनायची, कावळ्यानं वाटोळं केलं. मी म्हनलं, कावळ्यानं त्याचं काम केलं, उगा त्याला बोलू नको. पन नातवाचं ते भिंतीकडं तोंड मला बघवेना. तसं तोंड मी आधी बघितलेलं.

एके दिवशी मी कुनाला न सांगता एसटीत बसली आनि पोलादपूरला उतरली. औषधाचं दुकान इचारत गेली. पोरगी गल्ल्यापाशी उभी. मला बघून दचकली, मग बाहेर स्टूल ठेवलं, पानी दिलं. मी पानी पिली. माझी ताकद तेवढीच व्हती, इकडंतिकडंचं बोलायची नव्हती. पदर मागं सारला आनि डोकं तिच्यापुढं केलं.

म्हनलं, "हे बघ. आमच्या घरातलं हे असं हाय. आजच बघून घे."

तिनं बघितलं. मग सोताच्या हातानं माझा पदर पुन्हा डोक्यावर ओढला. म्हनाली, "आजी, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पंखा केवढा जोरात होता. बाबांचे केस उडत होते, तुमच्या मुलाचे होते नव्हते ते उडत होते. यांच्याच डोक्यावर वारा नव्हता."

मी म्हनलं, मग हो का म्हनालीस?

"माणूस बरा वाटला म्हणून. म्हटलं, साखरपुड्याच्या आधी सांगतील. आजी, मी इथं बसते. ती बाटली मागायला पुरुष कसे येतात मला माहीत आहे. आधी खोकल्याची गोळी मागतात, मग इकडं तिकडं बघतात, मग हळूच बोलतात. मला त्याचं हसू येत नाही. पण मला कावळ्यानं सांगावं, यांनी नाही, हे मला चालत नाही. बाबांना केसांचा राग आहे. मला केसांचा नाही."

मग मी तिला भावजींची चौकट सांगितली. टोपी, तांब्या, हसलेली पोरगी, सगळं. ती हसली नाय. गिऱ्हाईक आलं त्याला तिनं थांबवून ठेवलं. शेवटी म्हनाली, "त्यांना म्हणावं, स्वतः या. दुकानात गर्दी असेल तेव्हा या. आणि खोकल्याची गोळी मागू नका."

घरी येऊन मी नातवाला तेवढंच सांगितलं, एक शबुद जास्त नाय. तो रातभर काय झोपला नसंल, सकाळी गाडी काढली. पुढचं मला तिच्याकडनं कळलं, म्हनून ते खरं धरायचं.

बाजाराचा दिवस, दुकानात मानसं. आमचा नातू आत आला तो हेल्मेट घालून. हेल्मेटातनं काय तरी बोलला, कुनाला ऐकू गेलं नाय. ती म्हनाली, काय पाहिजे? मग त्यानं हेल्मेट काढलं. भादरून महिना झाला नव्हता, कडंनं काळं उगवलेलं, मधे वाळवंट. घामानं चमकत व्हतं. मागं उभी असलेली मानसं बघत व्हती.

मोठ्यानं म्हनाला, "केसांची बाटली द्या."

"कुणासाठी?"

"मला. माझे गेलेत. ते दुसरे होते ते खोटे होते. आधी सांगायला पाहिजे होतं."

तिनं बाटली काढून पुढं ठेवली. म्हनाली, रोज दोनदा, कायम लावायला लागते, मधेच सोडून चालत नाही. लावणार? तो म्हनाला, नाय जमलं मागच्या वेळी. मग कशाला घेताय? तर म्हनाला, गर्दीत मागायला जमतंय का ते बघायचं व्हतं. मागच्या मानसांतलं कोन तरी म्हनालं, नको असंल तर मला द्या ती. तवा ती हसली. आनि तिचं हसनं ऐकून हा पळाला नाय, उभा राहिला.

व्याह्यांची समजूत तिनंच काढली. काय सांगितलं ते मला म्हायती नाय, पन लगीन झालं. मुंडावळ्या सारख्या घसरत व्हत्या, करवलीनं मागनं धरून ठेवल्या. फेटा बांधायचा का, म्हनून इचारलं, तर नातू म्हनाला, नको, उकडतंय.

आता नातसून सुट्टीच्या दिवशी दारात बसून माझी येनी घालते. येनी कसली, उंदराची शेपटी. दर वेळी म्हनते, आजी, रक्त तपासा. तपासलं एकदा, कमी निघालं, तिनं गोळ्या आनून दिल्या, त्या घेते. केसाला नाय, चक्कर यायची थांबली म्हनून. केसवाली आता आमच्याकडं कमी येते, आनि पातेल्या पन घरात पुष्कळ झाल्यात. म्हनून फनीला आलेले केस मी गुंडाळी करून कुंपनावर ठेवते. कावळा बघत बसलेला असतो, आमी उठलो की नेतो.

नातसून म्हनते, हे काय, आजी. मी म्हनलं, थोडं थोडं आत्ताच नेऊ दे त्याला. माझ्या दहाव्याला मानसं उन्हात खोळंबायला नकोत.